राजाची स्तुती आणि गावाचा सारा

इसवी सन ३११ च्या सुमाराची गोष्ट. रोमन साम्राज्याच्या गॉल देशात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, ऑगुस्टोडुनुम नावाचे एक जुने शहर होते. एके काळी भरभराटीचे, पण आता उतरती कळा लागलेले. तिथे सम्राट कॉन्स्टंटाइन याची स्वारी यायची होती. राजवाड्याकडे जाणारे रस्ते लोकांनी सजवले. सजावट यथातथाच होती, कारण गावापाशी पैसा नव्हता. निरनिराळ्या धंदेवाल्यांच्या मंडळांची निशाणे बाहेर काढली, देवळांतल्या सगळ्या देवांच्या मूर्ती वाटेवर आणून मांडल्या. वाजंत्री मात्र अगदीच थोडी होती. मग त्यांनी एक युक्ती केली. तीच वाजंत्री आडवाटेने पुढे धावायची आणि सम्राटाला पुन्हा सामोरी जायची; थोड्या वेळाने पुन्हा आडवाट, पुन्हा स्वागत. पाहणाऱ्याला वाटावे, केवढा हा ताफा!

श्रोतेहो, ही हकीकत कुणा चहाडखोराने सांगितलेली नाही. त्याच शहराच्या प्रतिनिधीने ती पुढे ट्रियर येथे, राजधानीत, भर दरबारात खुद्द सम्राटासमोर सांगितली. आणि तीही सम्राटाच्या स्तुतीसाठी केलेल्या भाषणात! आता कुणी म्हणेल, राजाची स्तुती करायला उभा राहिलेला माणूस आपल्या गावाची अशी फजिती कशाला चव्हाट्यावर मांडील? या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता त्या काळच्या राजकारणाची एक वेगळीच बाजू दिसू लागते. आज तीच आपल्यापुढे मांडायची आहे.

रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात, म्हणजे तिसऱ्या शतकाच्या अखेरीपासून पुढे, राजस्तुतीची भाषणे हा राज्यकारभाराचाच एक भाग होऊन बसला होता. राज्यारोहणाचा वाढदिवस, विजय, राजघराण्यातले लग्न, नव्या वर्षी नवे कॉन्सल अधिकारावर येणे, असा कोणताही प्रसंग असो, एक विद्वान वक्ता उभा राही आणि तासभर सम्राटाचे गुण गाई. अशा १२ लॅटिन भाषणांचा एक संग्रह आपल्या हाती आला आहे. त्यातले पहिले प्लिनीचे. ते त्याने इसवी सन १०० मध्ये सम्राट ट्रेजन याच्यासाठी केले, आणि पुढच्यांनी ते कित्त्यासारखे समोर ठेवले. बाकीची ११ भाषणे २८९ ते ३८९ या शंभर वर्षांतली आहेत. १४३३ साली इटालियन पंडित जोव्हान्नी ऑरिस्पा याला जर्मनीतल्या माइन्झ येथे या संग्रहाचे हस्तलिखित सापडले आणि तेव्हापासून ती पुन्हा वाचनात आली. वाचनात आली खरी, पण मान मात्र त्यांना पुष्कळ दिवस मिळाला नाही. भाटांची बिरुदावली, दुसरे काय, असे म्हणून विद्वानांनी ती बाजूला सारली. त्यात त्यांची फार चूक होती असेही नाही. पहिल्या वाचनात ही भाषणे खरोखर कंटाळवाणी वाटतात.

हे वक्ते बहुतेक पेशाने शिक्षक असत. वक्तृत्वशास्त्र शिकवणे हा त्यांचा धंदा, आणि स्तुती कशी करावी याची पाठ्यपुस्तके होती. ग्रीक भाषेतले असे एक पुस्तक मेनांडर याच्या नावावर आहे. त्यात सगळा क्रम आखून दिलेला आहे. आधी राजाचा देश, मग कुळ, मग जन्म, शिक्षण, मग युद्धातले पराक्रम, शांततेतला कारभार. त्यात शौर्य, न्याय, संयम आणि शहाणपण हे चार गुण दाखवायचे आणि शेवटी दीर्घायुष्याची प्रार्थना. कुळ सामान्य असेल तर? ते गाळून पुढे जावे. जन्माच्या वेळी काही शुभशकुन झाले होते का? झाले नसतील तर, विश्वास बसेल अशा बेताने, खुशाल रचावेत. कारण ऐकणाऱ्यांना स्तुती तपासून पाहण्याची मोकळीकच नसते! पाठ्यपुस्तकात इतका प्रांजळपणा क्वचितच आढळतो. याच पुस्तकात आणखी एक प्रकरण आहे, आणि ते आपल्या कामाचे आहे. संकटात सापडलेल्या शहराचा वकील म्हणून सम्राटापुढे कसे बोलावे, हे त्यात सांगितले आहे. त्याने राजाच्या दयेवर भर द्यावा, आणि मग शहराची पूर्वीची वैभवाची स्थिती व आजची दैना यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे करावे.

त्या काळी वर्तमानपत्र नव्हते, नभोवाणी नव्हती. सम्राटाच्या मनात काय आहे हे प्रांतातल्या लोकांना नाण्यांवरून, पुतळ्यांवरून, फर्मानांवरून आणि या भाषणांवरून समजायचे. वक्ता काय बोलतो याइतकेच तो काय गाळतो हेही लोक ऐकत असत. याचा एक नमुना पाहा. कराउझियस नावाच्या आरमारी सरदाराने २८६ च्या सुमारास बंड करून ब्रिटन बळकावले. २८९ च्या भाषणात वक्ता सम्राट मॅक्झिमियन याला सांगतो, आरमार तयार होत आहे, आता त्या चाच्याची धडगत नाही. बंडखोराचे नावसुद्धा घेत नाही. २९१ मध्ये पुन्हा मॅक्झिमियनपुढेच भाषण झाले. त्यात त्या मोहिमेबद्दल चकार शब्द नाही. पुढे २९६ मध्ये कॉन्स्टंटियसने ब्रिटन परत जिंकले, आणि दुसऱ्याच वर्षी वक्त्याला वाचा फुटली: मागच्या वेळी विलंब झाला तो समुद्र प्रतिकूल होता म्हणून! मधल्या भाषणात कुणी काही सांगितले नाही. पण ऐकणाऱ्यांना जे समजायचे ते समजले असणार.

या कॉन्स्टंटियसचा मुलगा म्हणजे कॉन्स्टंटाइन. त्याचे प्रकरण याहून रंगतदार आहे. मॅक्झिमियनने ३०५ मध्ये राज्यत्याग केला होता, पण त्याला घरी बसवेना. तो पुन्हा राजकारणात उतरला आणि ३०७ मध्ये त्याने आपली मुलगी फाउस्टा कॉन्स्टंटाइनला दिली. लग्नाच्या प्रसंगी जे भाषण झाले त्यात सासऱ्याची केवढी थोरवी! साम्राज्य बुडत असताना हा म्हातारा कर्णधार सुकाणूवर परत आला, असा सूर. तीनच वर्षांनी, ३१० मध्ये, याच सासऱ्याने जावयाविरुद्ध बंड केले, मार्सेय येथे तो पकडला गेला आणि प्राणाला मुकला. आता अडचण अशी की कॉन्स्टंटाइनच्या अधिकाराला जो आधार होता त्यात सासऱ्याचा वाटा मोठा होता. तो आधारच निखळला. नवा आधार हवा.

तो नवा आधार ३१० च्या ट्रियर येथील भाषणात प्रथम जाहीर झालेला दिसतो. वक्ता सुरुवातीलाच सांगतो की, पुष्कळांना कदाचित ठाऊक नसेल, पण सम्राटाच्या धमन्यांत क्लॉडियस सम्राटाचे रक्त आहे. हा क्लॉडियस म्हणजे २६८ ते २७० या काळात राज्य करून गेलेला, गॉथ लोकांचा पराभव करणारा वीर. ‘पुष्कळांना ठाऊक नसेल’ हे शब्द मोठे मासलेवाईक आहेत. ठाऊक कसे असणार? याआधी ही वंशावळ कुणी ऐकलेलीच नव्हती, आणि आजचे बहुतेक इतिहासकार ती रचलेली समजतात. पण तिचा अर्थ स्पष्ट होता. मला कुणी सहकारी म्हणून निवडले नाही, मी जन्मानेच राजा आहे. सासरा असो वा इतर सम्राट, माझे राज्य कुणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही. केवढी मोठी राजकीय घोषणा, आणि ती एका मास्तराच्या तोंडून!

हा मास्तर कुठला? ऑगुस्टोडुनुमचा. भाषणाच्या अखेरीस तो हळूच स्वतःचे काम पुढे सरकवतो. आपली पाच मुले, आपल्या हाताखाली शिकून दरबारात चढलेले विद्यार्थी, यांची तो सम्राटाला आठवण देतो. आणि शेवटी विनंती करतो: आमच्या शहराला एकदा भेट द्यावी. तिथे अपोलो देवाचे स्थान आहे, गरम पाण्याचे झरे आहेत. महाराजांनी यावे.

महाराज आले. सुरुवातीला सांगितलेली वाजंत्र्यांची धावपळ ती याच वेळची. आणि त्यानंतर आभार मानायला त्या शहराने ट्रियरला पाठवलेला वक्ता म्हणजे आपला पहिला माणूस. संग्रहात त्याचे नाव दिलेले नाही.

त्याच्या भाषणातली खुबी समजायची तर ४० वर्षे मागे जावे लागते. गॉलचा प्रदेश तेव्हा रोमपासून फुटला होता आणि तिथे बंडखोर सम्राटांचे राज्य चालू होते. २७० च्या सुमारास ऑगुस्टोडुनुमने एकट्याने रोमचा पक्ष घेतला आणि खऱ्या सम्राटाला, म्हणजे याच क्लॉडियसला, मदतीसाठी हाक मारली. क्लॉडियसला दुसरीकडची युद्धे सोडून येता आले नाही. बंडखोरांनी सात महिने वेढा दिला. शहर पडले, लुटले गेले, आणि त्या तडाख्यातून ते पुरते सावरले नाही.

आता पाहा मौज. ३१० मध्ये जाहीर झाले की क्लॉडियस हा कॉन्स्टंटाइनचा पूर्वज. लगेच पुढच्या भाषणात ऑगुस्टोडुनुमचा प्रतिनिधी उभा राहून म्हणतो: तुमचे पूर्वज क्लॉडियस महाराज, त्यांना साम्राज्य सावरायला पहिली हाक मारली ती आम्ही, त्यांच्यासाठी सात महिने वेढा सोसला तो आम्ही, आमचे वाटोळे झाले ते तुमच्या घराण्याच्या निष्ठेपायी. दरबाराने आपल्या सोयीसाठी पणजोबा शोधून काढला, आणि गावाने त्याच पणजोबाच्या नावावरचे जुने कर्ज काढून पणतूपुढे ठेवले! ती वंशावळ खोटी आहे असे सम्राटाला म्हणता येणे शक्य नव्हते. ती खरी, तर गावाचे ऋणही खरे. माझ्या मते साऱ्या संग्रहात याहून चतुर खेळी नाही.

मग तो शेताकडे वळतो. इथे भाषणाचा नूरच बदलतो. नव्या जमाबंदीत ऑगुस्टोडुनुमच्या मुलखाची मोजणी साऱ्या गॉलच्या सरसकट मापाने झाली होती. माणसे जितकी नोंदवली तितकी आहेत, जमीन जितकी मोजली तितकी आहे, हे तो कबूल करतो. मोजणी चुकली असे म्हणतच नाही. पण माणसांच्या अंगी बळ उरले नाही आणि जमीन दगा देते, असे त्याचे म्हणणे. रान, खडक आणि दलदल. घातलेला खर्चही शेतातून निघत नाही. सोन नदीकडचा सखल पट्टा पूर्वी पिकाऊ होता, पण पाण्याचा निचरा करणे सुटले आणि तिथे चिखल माजला. द्राक्षांच्या ज्या मळ्यांचे लांबचे लोक कौतुक करतात ते इतके जुने झाले आहेत की मुळांचा नुसता गुंता झाला आहे, नवी लागवड करायची सोय नाही. ज्या भागाबद्दल तो हे रडगाणे गातो तो आजचा बरगंडी, वाईनसाठी जगभर नावाजलेला! आणि रस्ते? सरकारी लष्करी रस्तासुद्धा इतका खडबडीत की अर्धी भरलेली गाडीच काय, रिकामी गाडीही कधी कधी मुश्किलीने जाते. दुसऱ्यांना भरपूर पीक वाहून नेणे जितके जड जात नाही, तितके आम्हाला थोडेसे धान्य नेणे जड जाते. म्हणून आमचा भरणा उशिरा पोचतो, असे तो सांगतो. ज्याने पावसाळ्यात पाणंदीतून गाडी हाकली आहे त्याला हे वाक्य समजावून सांगायला नको.

वाजंत्र्यांची फजिती याच ठिकाणी येते. तुमच्या स्वागताची हौस दांडगी, पण ऐपत नाही, हे त्याला दाखवायचे आहे. महाराज, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत, तुम्हाला आमची युक्ती कळली, आणि तुम्ही आमची कीव केलीत. सम्राटाने गावच्या प्रमुखांना जवळ बोलावून विचारपूस केली, त्याच्या डोळ्यांत पाणी आले, असे वक्ता सांगतो. ते पाणी खरोखर आले होते की पाठ्यपुस्तकातून आले, याची चौकशी करण्यात अर्थ नाही. मुद्दा हा की एकदा भर दरबारात ‘महाराज रडले’ असे म्हटले म्हणजे महाराजांना त्या अश्रूंना जागावे लागते. दरबारात त्या दिवशी गॉलच्या जवळजवळ सर्व शहरांची माणसे हजर होती, हे वक्त्यानेच नोंदवले आहे. इतक्यांसमक्ष गायिलेली दया उद्या मागे घेणे सोपे नसते.

सूट किती मिळाली? आकडे भाषणातच आहेत. त्या काळी कराची आकारणी ‘कापुत’ नावाच्या एककात होई. अशी ७,००० एकके कमी करण्यात आली आणि २५,००० उरली. म्हणजे पूर्वीच्या ३२,००० मधून पाचव्या हिश्शाहून थोडी अधिक सूट. शिवाय पाच वर्षांची थकबाकी सरसकट माफ. सम्राटाच्या कारकिर्दीला पाच वर्षे झाली होती, त्या निमित्ताशी ही पाच वर्षे वक्त्याने छान जुळवून घेतली आहेत. आणि वर हिशेबही मांडला आहे: सात हजारांची सूट देऊन तुम्ही पंचवीस हजारांना भरण्याची ताकद दिलीत, जे येणारच नव्हते ते सोडलेत, आणि जे येईल ते पक्के केलेत. कराला भिऊन जे रानात दडले होते किंवा परमुलखात गेले होते ते परत येत आहेत, असेही तो सांगतो.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. बोलणारा माणूस नांगर धरणारा नव्हता. अशा शहरांचा कारभार जमीनदार कारभाऱ्यांच्या सभेकडे असे, आणि सारा गोळा करून देण्याची जबाबदारीही त्यांच्याच गळ्यात असे. वसूल कमी आला तर ते अडचणीत येत. तेव्हा या सुटीचा किती वाटा थेट कुळांपर्यंत झिरपला हे भाषणावरून ठरवता येणार नाही. पण त्या काळच्या बांधांची, निचऱ्याची, गाडीवाटेची इतकी जिवंत माहिती देणारी लेखी साधने फार थोडी आहेत, आणि ती आपल्याला एका स्तुतीच्या भाषणातून मिळावी ही नवलाची गोष्ट आहे.

शिक्षक मंडळींसाठी याच शहराची आणखी एक आठवण सांगतो. याआधी दहा-बारा वर्षे, २९८ च्या सुमारास, युमेनियस नावाच्या गृहस्थाने तिथे एक भाषण केले. दरबारातली मोठी जागा सोडून तो गावच्या शाळेचा प्रमुख म्हणून आला होता, आणि त्याचा पगार ३ लाख सेस्टर्सवरून ६ लाखांवर नेण्यात आला होता. लढाईत पडझड झालेली मेनियाने नावाची शाळा पुन्हा बांधायची होती. युमेनियसने प्रांताच्या सुभेदारापुढे उभे राहून मागणी केली ती अशी, की माझा पगार मी शाळेच्या बांधकामाला देतो, परवानगी द्यावी. सम्राटांची स्तुती भरपूर केली, पण ती कशी? शाळेच्या ओसरीत जगाचा नकाशा काढलेला असावा, मुलांनी तो रोज पाहावा, कारण आता त्यातला कोणताच मुलूख आपल्याला परका राहिलेला नाही! साम्राज्याचा गौरवही झाला आणि भूगोलाचे साधनही पदरात पडले.

सगळ्यांचीच नौका अशी तरत नसे. मॅग्नस मॅक्सिमस नावाच्या सरदाराने ३८३ मध्ये गॉल बळकावले आणि पुढे इटलीही घेतली. रोमचा थोर वक्ता सिमॅकस याने त्याची स्तुती केली. ३८८ मध्ये थिओडोसियसने मॅक्सिमसचा पराभव केला, तेव्हा सिमॅकसला एका चर्चच्या आश्रयाला जाऊन जीव वाचवावा लागला. पुढे त्याने थिओडोसियसचीही स्तुती रचली, त्याला क्षमा मिळाली आणि ३९१ मध्ये तो कॉन्सलही झाला. ३८९ मध्ये गॉलचा वक्ता पाकाटस रोमला आला, त्याच्यापुढेही हाच पेच होता. पाच वर्षे ज्या प्रांताने त्या बंडखोराखाली काढली, त्याने आता तोंड कसे दाखवावे? पाकाटसने उलटी मांडणी केली: त्या जुलमाखाली सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त भरडलो ते आम्ही. दुसऱ्या वर्षी पाकाटस आफ्रिका प्रांताचा सुभेदार झाला.

पूर्वेकडे, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, थेमिस्टियस नावाचा तत्त्वज्ञ हेच काम ग्रीक भाषेत करीत होता. ३७८ मध्ये गॉथ लोकांनी रोमन सैन्याचा धुव्वा उडवला, सम्राट व्हॅलेन्स रणातच पडला. चार वर्षांनी तह झाला आणि ज्यांनी सम्राटाला मारले त्यांनाच थ्रेस प्रांतात जमिनी द्याव्या लागल्या. ही कडू गोळी लोकांच्या गळी कशी उतरवायची? ३८३ मध्ये थेमिस्टियसने विचारले, थ्रेसची भूमी प्रेतांनी भरलेली बरी की शेतकऱ्यांनी? अगतिकतेला त्याने दयाळूपणाचे रूप दिले, यात शंका नाही. पण नुसती लबाडी म्हणून ते सोडूनही देता येत नाही. लढाई पुन्हा पेटवण्यापेक्षा ते बोलणे शहाणपणाचे होते.

खुद्द बोलणाऱ्यांना काय वाटत असेल? एकाने ते लिहून ठेवले आहे. पुढे संत म्हणून गाजलेला ऑगस्टीन ३८५ च्या सुमारास मिलान येथे वक्तृत्वाचा अध्यापक होता. सम्राटाच्या स्तुतीचे भाषण तयार करण्याचे काम त्याच्याकडे आले. आपण त्यात पुष्कळ खोटे बोलणार आहोत, आणि ते खोटे आहे हे ज्यांना ठाऊक आहे तेच आपल्याला वाहवा देणार आहेत, या विचाराने तो तळमळत रस्त्याने चालला होता. वाटेत त्याला दारू प्यालेला एक भिकारी हसत-खिदळत जाताना दिसला. आपण एवढी धडपड करून जे सुख शोधतो आहोत ते याला चार नाण्यांत मिळाले, असे त्याला वाटले. पुढे वर्ष-दीड वर्षात त्याने ती नोकरी सोडली.

ऑगुस्टोडुनुमच्या त्या निनावी वक्त्याला अशी तळमळ लागली होती की नाही, ते त्याने लिहिलेले नाही. त्याने मात्र भाषणाच्या शेवटी आणखी एक नजराणा सम्राटाच्या पुढे केला. कॉन्स्टंटाइनचे घराणे फ्लावियस. तेव्हा आमच्या शहराने आपले जुने नाव टाकून आता तुमच्या घराण्याचे ‘फ्लाविया’ हे नाव घेतले आहे, असे त्याने जाहीर केले. ते नाव काही टिकले नाही. लोकांच्या तोंडी ऑगुस्टोडुनुमच राहिले आणि झिजत झिजत त्याचे ओतां झाले. रोमन काळच्या दोन वेशी त्या गावात अजून उभ्या आहेत.